कुठंतरी निघून जावंसं वाटतंय तेव्हा काय करायचं

रोज तेच काम, त्याच मीटिंगा, तोच रस्ता आणि रात्री मोबाईलवर दुसऱ्यांचे डोंगर नि समुद्र बघत लोळायचं, मग एक दिवस डोकं फिरतं आणि वाटतं बस झालं आता, बॅग भरायची नि सुटायचं. सुटा की, कोण अडवतंय. फक्त तिकीट काढायच्या आधी नेमका कशाचा वैताग आलाय ते लिहून काढा. आणि 'सगळ्याचाच' असं लिहू नका, ती पळवाट झाली. झोप पुरत नाहीये, का एकटं वाटतंय, का आजूबाजूला एवढी माणसं आहेत की दोन मिनिटं शांतता नाही, का नुसतं नवीन काही घडतच नाहीये?

हे बघायचं कारण प्रत्येकाला वेगळी ट्रिप लागते. दमलेल्या माणसाने आठवड्यात पाच शहरंवाली टूर घेतली तर तो घरी येईल तो अर्धमेला होऊनच. त्याने एका ठिकाणी जावं, एकच रूम घ्यावी आणि पडून रहावं, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. नव्या जागी पहिल्या रात्री धड झोप लागत नाही हा आपला सगळ्यांचाच अनुभव, 2016 साली ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचं कारणही दाखवलं, त्या रात्री मेंदूची एक बाजू दुसरीपेक्षा कमी गाढ झोपते, पहारेकऱ्यासारखी. म्हणजे रोज हॉटेल बदललं की रोज पहिलीच रात्र! ज्याला नवीन काही हवंय त्याने मात्र खुशाल फिरावं, भाषा कळत नाही अशा गावात जावं. एकटं वाटणाऱ्याने ग्रुपबरोबर किंवा एखाद्या जुन्या मित्राकडे, सोलो ट्रिपच्या फोटोंना भुलू नये.

आता किती दिवस. महिनाभराची रजा मिळेल तेव्हा जाऊ म्हणून वर्षानुवर्षं थांबणारे खूप आहेत, पण त्याची खरंच गरज नाही. नेदरलँड्समध्ये नोकरदारांच्या लांब सुट्ट्यांवर एक अभ्यास झाला, 2013 चा, त्यात लोकांना सगळ्यात छान वाटलं ते साधारण आठव्या दिवशी, आणि कामावर परतल्यावर पहिल्या आठवड्यातच सगळं होतं तिथं आलं. अभ्यास छोटा होता हे खरं, पण माझं मत विचाराल तर सगळी रजा एकदम उडवण्यापेक्षा तुकडे करा.

तारीख लवकर ठरवा. 2010 मध्ये दीड हजार डच लोकांच्या पाहणीत दिसलं की सुट्टीवर जाणारे लोक इतरांपेक्षा जास्त खूश होते ते निघायच्या आधी, परत आल्यावर बहुतेकांमध्ये काही फरक उरला नव्हता, अगदी निवांत सुट्टी झालेले तेवढे अपवाद. म्हणजे वाट बघण्यातच निम्मी मजा आहे तर ती फुकट का घालवायची? तारीख आणि जागा पक्की करा, राहिलेलं हळूहळू बघा, तासातासाचं एक्सेल करू नका, ते परत ऑफिसच झालं.

पैसे नाहीत, रजा नाही? मग येता शनिवार-रविवार सुट्टीवर असल्यासारखा काढा, घरची कामं बाजूला, लॅपटॉप बंद, कधीच न गेलेल्या रस्त्याने पायी. ऐकायला फालतू वाटतं पण करून बघा.

एक मात्र नीट बघा. दोनेक आठवडे सलग कशातच मन लागत नसेल, आवडीच्या गोष्टीही नको वाटत असतील तर ट्रिपच्या आधी डॉक्टरांना भेटा. आणि बॉस किंवा घरातलं भांडण हेच खरं दुखणं असेल तर ते परत आल्यावर तिथंच उभं असणार, त्याचं वेगळं काहीतरी करावं लागेल.

परतीचं तिकीट कामावर जायच्या आदल्या रात्रीचं काढू नका, मधे एक मोकळा दिवस ठेवा, धुणं, झोप, मेल सगळं त्यात उरकतं. लांबच्या देशातून येत असाल तर एक दिवस पुरणार नाही, जेट लॅग जायला साधारण दर टाइम झोनला एक दिवस धरतात.