टर्नटेबलची मॅट: आधी जाडी बघा, मग मटेरियल

टर्नटेबलवर रेकॉर्डखाली अंथरलेली मॅट बदलायची म्हटलं की चर्चा थेट रबर की कॉर्क इथे पोचते. त्याआधी सध्याच्या मॅटची जाडी मोजा, कारण बहुतेक घोटाळे तिथेच होतात. मॅट जाड झाली की रेकॉर्ड वर येते, पण टोनआर्मचा (सुई धरणाऱ्या दांड्याचा) मागचा टेकू आहे तिथेच राहतो. आर्म पुढून चढतो आणि सुईचा कोन बदलतो. नऊ इंची आर्मवर १ मिमी जाडीमागे हा फरक साधारण पाव अंशाचा असतो. तेवढा खपून जातो. १ मिमीच्या फेल्टच्या (नमद्यासारख्या कापडाच्या) मॅटजागी ५ मिमीचं रबर टाकलं, तर मात्र अख्ख्या अंशाचा फरक पडतो. शिवाय आर्म उचलणाऱ्या लिफ्टचा खटका वर केला तरी सुई रेकॉर्डवर टेकलेलीच राहू शकते आणि आर्म बाजूला घेताना रेकॉर्डवर ओरखडा उमटतो. म्हणून आर्मची उंची बदलायची सोय नसेल तर मूळ मॅटइतक्याच जाडीची मॅट घ्या. फार तर १ मिमी इकडेतिकडे.

आता प्लॅटरकडे, म्हणजे मॅटखालच्या फिरत्या चकतीकडे. मॅट काढून प्लॅटरवर बोटाच्या पेराने टकटक करा. भांड्यासारखा नाद घुमत राहिला तर रबर घ्या, ते हा नाद चांगला मारतं. प्लॅटरला लोहचुंबक चिकटत असेल तर तो पोलादी आहे. मूव्हिंग कॉइल प्रकारच्या कार्ट्रिजमधलं (सुई बसवलेल्या डबीतलं) जोरकस चुंबक अशा प्लॅटरकडे ओढलं जातं आणि सुईचा दाब वाढतो, तेव्हा तिथे ३ मिमीपेक्षा पातळ मॅट नको. अ‍ॅक्रिलिकच्या प्लॅटरवर सहसा मॅट लागतच नाही.

फेल्ट स्वस्त आणि हलकी, पण कोरड्या हवेत स्थिर विजेमुळे रेकॉर्डला चिकटून तिच्यासोबतच उचलली जाते. हा त्रास असेल तर कॉर्क किंवा कॉर्क-रबर मिश्रण घ्या. निव्वळ कॉर्कचा भुगा पडतो, त्यामुळे मिश्रण जास्त बरं. चामड्याची मॅट सपाट जागी ठेवून कडा वर वळलेल्या नाहीत ना, ते आधी पाहा.

प्लॅटरला उंच कड असेल तर आतला व्यास मोजूनच मॅट घ्या. कडेवर चढलेली मॅट रेकॉर्ड नीट बसू देत नाही. रेकॉर्डचा लेबलचा भाग किंचित जाड असतो, म्हणून मध्ये उथळ खोलगट जागा असलेली मॅट उत्तम.

मॅट बसवल्यावर नेहमीच्या जाडीची रेकॉर्ड लावा, प्लॅटर बंद ठेवा आणि सुई खोबणीत टेकवा. आडव्या रेषा आखलेलं कार्ड आर्ममागे उभं धरा. आर्मची नळी सरळ असेल तर ती रेषेला समांतर दिसली पाहिजे. पुढचं टोक वर असेल तर आर्मचा टेकू त्या मानाने उचला. मग सुईचा दाब पुन्हा मोजा, आणि तो रेकॉर्डच्या पातळीवरच मोजा. वजनकाटा उंच असेल तर आकडा चुकतो. टर्नटेबल स्प्रिंगवर तरंगणारं असेल तर जड मॅटने ते खाली बसतं. तिथे प्लॅटरची पातळीही नव्याने जुळवावी लागते.