घरच्या घरी चार-सहा पीसीबी: सगळी गोम इस्त्रीत

पीसीबी म्हणजे तांब्याच्या रेघांनी पार्ट जोडणारा सर्किट बोर्ड. रेघांचं चित्र कागदावर छापायचं, त्याचा टोनर (लेझर प्रिंटरची पावडर) इस्त्रीने तांब्यावर उतरवायचा आणि उघडं राहिलेलं तांबं विरघळवायचं, अशी ही पद्धत. सर्किट ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता पार्ट खोचायच्या पाटीवर) चालवून बघितलंय आणि लेआउट, म्हणजे रेघांचा आराखडाही तयार आहे, असं धरून चालतो. एका बाजूला तांबं असलेला १.६ मिमी जाडीचा एफआर-४ (काचतंतूचा) बोर्ड घ्या. पुण्यात तापकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतो. स्वस्तातला तपकिरी फिनोलिक नको, तापला की वाकतो.

प्रिंट लेझर प्रिंटरवरच आणि गुळगुळीत कागदावर काढा. इंकजेटची शाई तांब्यावर उतरत नाही. टोनर वाचवणारी सेटिंग बंद ठेवा. 'प्रिंट नेहमी आरशातली उलटी काढा' हा सल्ला डोळे मिटून ऐकू नका. केआयकॅड या लेआउट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये तांब्याचा खालचा थर वरून पाहिल्यासारखा दिसतो, म्हणून तो आहे तसाच छापायचा. वरचा थर असेल तर उलटा. माझा एक अख्खा घाणा याच पायी वाया गेलाय.

आता इस्त्री. माझे पहिले चार बोर्ड गेले, कारण शर्टावर फिरवावी तशी मी ती फिरवत होतो. कागद केसभर सरकतो आणि शेजारशेजारच्या रेघा एकमेकींत मिसळतात. तांबं आधी भांड्याच्या हिरव्या घासणीने चकाकेपर्यंत घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. कागदाच्या कडा बोर्डामागे दुमडून चिकटवा. इस्त्री कॉटनवर ठेवा, वाफ बंद, इस्त्रीत पाणी अजिबात नको. पहिला अर्धा मिनिट नुसती दाबून धरा, हलवायची नाही. कागद चिकटला की इस्त्रीच्या टोकाने कडेपासून मधोमध तीन-चार मिनिटं जोर देत जा. कडा नेहमी दगा देतात.

किती बोर्ड एकदम? इस्त्रीच्या तळाखाली बसतील तेवढेच. मी तीन करतो. सहा एकदम करायला गेलं की दोन हमखास बिघडतात, म्हणजे वाचलेला वेळ गेलाच.

'गरम असतानाच कागद ओढा' असं सांगणाऱ्यांनी स्वतः किती बोर्ड केलेत, देव जाणे. बोर्ड आपोआप निवू द्या, मग अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा आणि भिजलेला कागद अंगठ्याने चोळून काढा. रेघांमध्ये पांढुरका लगदा राहिला तर तिथलं तांबं विरघळत नाही. जुन्या टूथब्रशने काढा. तुटलेली रेघ परमनंट मार्करने जोडता येते, पण रेघा अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक ठेवल्या असतील तर पुन्हा पहिल्यापासून.

उघडं तांबं विरघळवणारं फेरिक क्लोराइड प्लास्टिकच्या डब्यात, हातमोजे आणि चष्मा घालून. पावडर पाण्यात टाका, पाणी पावडरवर नको, फार तापतं. डबा हलवत राहा, उघडं तांबं गेलं की बोर्ड धुवा. टोनर ॲसिटोनने पुसा, पार्टच्या पायांसाठी ०.८ मिमीने भोकं पाडा, हेडर पिनांसाठी (वायरी जोडायच्या जाड पिनांसाठी) १ मिमी.

उरलेलं द्रावण बाटलीत भरून पुढच्या खेपेला वापरा. मोरीत ओतू नका, त्यात विरघळलेलं तांबं असतं. शिवाय फरशीवर पडलेला पिवळा डाग निघत नाही, आमच्या बाल्कनीत अजून आहे.