बाजारपेठेतल्या जुन्या पेट्रोल पंपाचे नूतनीकरण आणि वाहन-चार्जिंग: कोकणात या चुका टाळा

कोकणातल्या अनेक जुन्या गावांत बाजारपेठेच्या तोंडाशी किंवा एसटी स्थानकाजवळच्या वळणावर एखादा तरी असा पेट्रोल पंप असतो, ज्याची कचेरी चिऱ्याच्या भिंतींची आणि मंगलोरी कौलांची आहे. पंप चालवणाऱ्या परदेशी तेल कंपन्यांपैकी एस्सोचे 1974 मध्ये आणि बर्मा-शेलचे 1976 मध्ये राष्ट्रीयीकरण झाले, पाट्या बदलल्या. कचेरी मात्र पुष्कळ ठिकाणी तीच राहिली. पुढे महामार्ग गावाबाहेरून गेला आणि लांबच्या गाड्या बाजारात शिरेनाशा झाल्या. अशा पंपाची डागडुजी करून तेथे विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची सोय करणे हा विचार योग्य आहे. चूक होते ती कामाच्या क्रमात. बहुतेक मालक आधी चार्जर ठरवतात, त्याची आगाऊ रक्कम भरतात आणि मग जमीन, वीज आणि इमारत यांना त्या यंत्राच्या मापात बसवू पाहतात. खाली ज्या चुका दिल्या आहेत, त्यांतल्या बऱ्याच या एकाच घाईतून निघालेल्या आहेत.

जमिनीखाली काय आहे, हे न पाहता खोदकाम सुरू करणे

जुन्या पंपाच्या आवारात वापरात असलेल्या टाक्यांखेरीज एखादी जुनी, कागदावर न उरलेली टाकी पुरलेली असू शकते. चार्जरच्या केबलसाठी चर खणताना ती लागली, की कामगार तिला रिकामी समजून गॅस कटर लावतात. रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात द्रव नसला तरी वाफ असते, आणि पेट्रोलच्या वाफेचे हवेतले प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास पोहोचले, की ठिणगीने स्फोट होण्याइतके ते मिश्रण तयार होते. टाकी वायुमुक्त करणे, वायुमापकाने तपासणे आणि मगच उचलणे, हे काम पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे नियम जाणणाऱ्या अनुभवी यंत्रणेकडूनच करून घ्यावे. या संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे आणि पंपाचा परवाना पेट्रोलियम नियम, 2002 खाली तिच्याच अखत्यारीत येतो.

दुसरा प्रश्न मातीचा. देशभर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री 1 फेब्रुवारी 2000 पासून बंद झाली. त्याआधी जो पंप चालू होता, त्याच्या टाकीभोवतीच्या मातीत तेलाबरोबर शिसेही मुरलेले असण्याची शक्यता धरून चालावे. जांभा सच्छिद्र असतो आणि त्यातल्या भेगांमधून पाण्याबरोबर तेलही पुढे सरकते. बाजारपेठेत पंपाला लागून घरे असतात आणि घरांच्या मागे विहिरी असतात. म्हणून खोदकामाआधी माती आणि जवळच्या विहिरीचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घेणे हा खर्च अनाठायी नाही. त्याहून वाईट चूक म्हणजे वास मारणारी ती माती फुकटचा भराव म्हणून एखाद्या नारळी-पोफळीच्या बागेत नेऊन टाकणे. अशी माती वेगळी ठेवून, झाकून, तिच्या विल्हेवाटीविषयी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे विचारणा करावी. पावसाळ्याच्या तोंडावर हे काम काढूच नये. उघडा खड्डा मृगाच्या पहिल्या सरीत भरला, की त्यातले तेल कुठे जाईल, हे कोणाच्याही हाती राहत नाही.

जागा रिकामी आहे म्हणून चार्जर तेथेच बसवणे

पंपाच्या आवारात जी जागा रिकामी दिसते, ती बहुधा काही कारणाने रिकामी ठेवलेली असते. पेट्रोलची वाफ हवेहून तीन-चार पट जड असल्यामुळे ती जमिनीलगत पसरते, खोलगट भागात साचते, आणि म्हणूनच वितरणयंत्र, टाकीचे भरणमुख आणि टाकीतली वाफ बाहेर सोडणारा व्हेंट पाइप यांच्या भोवतीचा ठरावीक भाग धोक्याचे क्षेत्र मानला जातो. साधा चार्जर या क्षेत्रात बसवता येत नाही. टँकर कोठे उभा राहतो आणि कोणत्या वाटेने बाहेर पडतो, हे प्रत्यक्ष टँकर खाली होताना उभे राहून पाहावे. भरणे चालू असताना मागे दोन मोटारी चार्जिंगला लावलेल्या असतील आणि टँकरला निघण्याची वाट उरत नसेल, तर तो आराखडा रद्द समजावा.

केबलचा चर हा याच चुकीचा लपलेला भाग आहे. आवारातून इमारतीकडे जाणारा मोकळा चर किंवा न बुजवलेला पाइप वाफेला थेट वाट करून देतो, आणि ती वाफ स्विचगिअरच्या, म्हणजे मुख्य विद्युत स्विचांच्या, खोलीत पोहोचू शकते. चर वाळूने पूर्ण भरावा आणि भिंतीतून जाणारी प्रत्येक पाइप योग्य सीलिंग कंपाउंडने बंद करावी. कापडाचा बोळा कोंबून वर सिमेंट फासणे म्हणजे सील करणे नव्हे.

परवान्याबाबत एक गैरसमज हमखास आढळतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने 2018 मध्येच स्पष्ट केले, की वाहन चार्ज करून देणे ही सेवा आहे आणि त्यासाठी वीज कायद्याखाली वेगळा परवाना लागत नाही. ही सवलत विजेपुरती आहे. पंपाच्या मंजूर नकाशात बदल होत असेल, तर सुधारित नकाशाची मंजुरी लागतेच; शिवाय जागा भाडेपट्ट्याची असेल, तर जमीनमालक आणि तेल कंपनी या दोघांची लेखी संमती, नगरपरिषदेची परवानगी आणि विद्युत निरीक्षकाची तपासणी हे विषय वेगळे राहतात. नकाशा आधी आणि यंत्र नंतर, हा क्रम येथे सर्वांत स्वस्त पडतो.

विजेचा हिशेब यंत्राच्या पाटीवरून करणे

साठ किलोवॅटचा डीसी (थेट बॅटरीला वीज देणारा जलद) चार्जर पूर्ण ताकदीने चालताना प्रत्येक फेजवर सुमारे 90 अँपिअर ओढतो. जुन्या पंपाची जोडणी एवढ्या भाराचा विचार करून घेतलेली नसते. महावितरणकडे वाढीव मंजूर भाराचा अर्ज करताना रोहित्राची क्षमता, तेथून पंपापर्यंतचे अंतर आणि संध्याकाळचा प्रत्यक्ष विद्युतदाब (व्होल्टेज) या तिन्ही गोष्टी विचारात घ्याव्यात. कागदावर भार मंजूर होतो आणि संध्याकाळी सातला बाजारातले दिवे, पंखे, शीतकपाटे एकदम चालू असताना दाब इतका खाली येतो, की चार्जर स्वतःच बंद होतो. चार्जिंगसाठी महावितरणची स्वतंत्र दरश्रेणी आहे. तिचा लाभ हवा असेल तर चार्जिंगची जोडणी आणि मीटर पंपाच्या व्यापारी जोडणीपासून वेगळे घ्यावे. एकाच मीटरवर सारे जोडून ठेवणारे मालक दरमहा चुकीच्या दराने बिल भरत राहतात.

अर्थिंगचा मुद्दा कोकणात विशेष काळजीने पाहावा लागतो, आणि नेमका तोच सर्वांत वरवर उरकला जातो. जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात कोरडा पडला, की त्याचा विद्युतरोध फार वाढतो. जुलैमध्ये, जमीन तुडुंब भिजलेली असताना घेतलेले मोजमाप छान येते, प्रमाणपत्र मिळते, आणि पुढच्या एप्रिलमध्ये चार्जर ‘अर्थ फॉल्ट’ दाखवून गाडीला वीजच देत नाही. मोजमाप एप्रिल-मे महिन्यांतच घ्यावे आणि चार्जरच्या निर्मात्याने दिलेल्या मर्यादेशी ते ताडून पाहावे. कातळ वर आलेला असेल तर एका खड्ड्यावर भागत नाही; मातीचा थर सापडेल तेथे खोल इलेक्ट्रोड घालून ते पट्टीने एकमेकांना जोडावे लागतात. समुद्राजवळ साध्या गॅल्व्हनाइज्ड पट्ट्या लवकर खंगतात, म्हणून तांब्याच्या किंवा तांब्याचा थर दिलेल्या इलेक्ट्रोडला पसंती द्यावी. चार्जरचे अर्थिंग आणि पंपाच्या टाक्या-यंत्रांचे अर्थिंग एकमेकांशी कसे जोडायचे, हे विद्युत आराखड्यातच ठरलेले असावे. दोन स्वतंत्र अर्थिंग शेजारी-शेजारी ठेवले, तर जवळपास वीज पडते तेव्हा त्या दोहोंमध्ये मोठा दाबफरक निर्माण होतो, आणि तो पेट्रोलच्या आवारात कोणालाच नको असतो. वळवाच्या आणि परतीच्या पावसात कोकणात विजा पडतात, हे लक्षात घेऊन दाबाच्या अचानक उसळीपासून वाचवणारे सर्ज संरक्षक साधन मुख्य पॅनेलमध्येच बसवावे.

प्रत्येक चार्जिंग पॉइंटला 30 मिलिअँपिअरपेक्षा अधिक नसलेल्या गळतीवर तुटणारे संरक्षक साधन (आरसीसीबी) आवश्यक आहे. बाजारात मिळणारे सर्वांत स्वस्त आरसीसीबी हे बहुधा केवळ एसी गळती ओळखणारे असते. विजेच्या गाडीसाठी किमान ‘ए’ प्रकारचे घ्यावे, आणि डीसी गळतीचे संरक्षण चार्जरमध्ये आहे की नाही, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

पूर आणि खारा वारा यांना किरकोळ समजणे

22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणची बाजारपेठ बुडवली, तेव्हा दुकानांत पाणी किती चढले, हे तेथल्या कोणत्याही व्यापाऱ्याला विचारावे. महाडकरांना सावित्री नदीच्या पुराचा अनुभव आहे. चार्जिंगचा सॉकेट जमिनीपासून किमान 800 मिलिमीटर उंच असावा, हा नियम आहे. परंतु पुराच्या गावात तेवढ्या उंचीवर समाधान मानणे म्हणजे नियम पाळून यंत्र गमावणे. जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषांचे नकाशे पाहावेत, जुन्या भिंतीवरची पुराची खूण शोधावी आणि मुख्य पॅनेल, मीटर व नेटवर्कची पेटी त्या खुणेच्या वर न्यावी. चार्जरचा चौथराही शक्य तेवढा उंच घ्यावा. चिऱ्याचा चौथरा जुन्या कचेरीशी शोभतोही. पाणी चढू लागले तर कोणता स्विच कोणी पाडायचा, हे पंपावरच्या प्रत्येक माणसाला ठाऊक असावे.

खारा वारा हळूहळू काम करतो. बाहेर बसवलेल्या यंत्राला पाणी-धुळीपासून संरक्षणाचा आयपी दर्जा असतोच, पण तो दर्जा गंजाबद्दल काही सांगत नाही. समुद्रकिनाऱ्यासाठी रंगाचा आणि धातूचा वेगळा दर्जा मागावा लागतो, आतल्या सर्किट बोर्डांवर संरक्षक लेप आहे का, ते विचारावे लागते, आणि नटबोल्ट 316 प्रतीच्या स्टेनलेस पोलादाचे असावेत असा आग्रह धरावा लागतो. ॲल्युमिनियमची केबल तांब्याच्या पट्टीवर साध्या लगने (केबलच्या टोकाला बसवायच्या धातूच्या जोडाने) जोडली, की खाऱ्या दमटपणात तो सांधा आतून खराब होऊन तापू लागतो. तेथे द्विधातू लगच वापरावेत.

जुन्या कचेरीला सिमेंटने ‘नवी’ करणे

चिऱ्याच्या भिंतीला श्वास घ्यावा लागतो. तिच्यावर सिमेंटचा घट्ट गिलावा आणि वर चकचकीत रंग दिला, की भिंतीत चढलेली ओल बाहेर पडत नाही, क्षार आत स्फटिकरूप होतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्यासह चिऱ्याचे पोपडे सुटतात. चुन्याचा गिलावा लावणारे गवंडी अजून मिळतात. ते शोधण्यात गेलेला वेळ वाया जात नाही. कौले काढून पत्रा घालण्याचा मोह होतो, पण उन्हाळ्यात प्रतीक्षागृह म्हणून वापरायची खोली कौलांखालीच सुसह्य राहते. वासे-रिपा तपासाव्यात, दरवर्षी शाकारणी करावी, पागोळ्यांचे पाणी चार्जरवर पडणार नाही अशी पन्हळ लावावी, एवढे पुरते. जुन्या गॅरेजवर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील, तर ते करवतीने कापू नयेत किंवा हातोड्याने फोडू नयेत. ओले करून अखंड उतरवावेत.

पंपावरच्या छत्रीच्या (गाड्या उभ्या राहतात त्या छताच्या) स्लॅबमधले गज गंजले असतील, तर वरून मसाला थापून ते झाकण्यापूर्वी संरचना अभियंत्याचे मत घ्यावे. त्याच छतावर सौर पॅनेल चढवण्याचा बेत असेल तर हे दुप्पट महत्त्वाचे, कारण 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत छपरांचे काय केले, ते सर्वांनी पाहिले आहे.

सर्वांत मोठा चार्जर हाच सर्वांत चांगला, असे मानणे

बाजारपेठेतल्या पंपावर कोण येणार, याचा विचार आधी करावा. चाळीस युनिटांची बॅटरी दहा टक्क्यांवरून ऐंशीवर नेण्यास सुमारे 28 युनिटे लागतात. 30 किलोवॅटच्या चार्जरवर हे काम तासाभरात होते, 7.4 किलोवॅटच्या एसी चार्जरवर चार तासांच्या आसपास लागतात. गावातले रिक्षावाले, स्कूटरवाले आणि रात्री मुक्कामाला असलेले पाहुणे यांना संथ पॉइंट पुरतात. मुंबईहून उतरलेल्या चाकरमान्याला एक जलद चार्जर हवा असतो. माझ्या मते लहान गावात एक मध्यम जलद चार्जर आणि तीन-चार संथ पॉइंट ही जोडी एका अवाढव्य यंत्रापेक्षा चांगली, कारण ते एक यंत्र गणपतीत बिघडले तर सारेच बंद पडते.

सुरू झाल्यानंतरचे बिघाड

पावसाळ्यात ‘इन्सुलेशन फॉल्ट’ दिसला, तर आधी गनच्या (गाडीला जोडायच्या प्लगच्या) तोंडात ओल आहे का, ते पाहावे. गन उघड्यावर आणि तोंड वर करून लटकवलेली असेल, तर कारण तेच असते. ती छपराखाली, तोंड खाली करून आणि टोपी लावून ठेवावी. ओल पुसायची ती वीज बंद करूनच, आणि पिनांवर तेल किंवा ग्रीस लावू नये. एकच गाडी चार्ज होत नसेल आणि बाकीच्या होत असतील, तर दोष गाडीत किंवा तिच्या सेटिंगमध्ये शोधावा. सर्वच गाड्या ठरावीक वेळी थांबत असतील, तर दाबाची नोंद ठेवून महावितरणकडे ती नोंद घेऊन जावे. नुसत्या तोंडी तक्रारीचा उपयोग होत नाही.

दुपारी वेग अर्ध्यावर येतो तेव्हा बहुधा यंत्र तापलेले असते. हवेच्या जाळ्या धुळीने आणि मिठाने बुजलेल्या असतात, किंवा यंत्र पश्चिमेच्या उन्हात उभे असते. जाळ्या साफ कराव्यात आणि सावली करावी. मोबाइलवरून पैसे भरले जात नाहीत, ही तक्रार दाट वस्तीत आणि डोंगराच्या कुशीतल्या गावांत नेहमीची असते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे चालणारा राउटर घ्यावा आणि नेटवर्क गेल्यावरही पंपावरच्या माणसाला कार्डाने चार्जिंग सुरू करता येईल, अशी सोय पुरवठादाराकडून आधीच करून घ्यावी. आरसीसीबी वारंवार पडत असेल, तर ते बदलून जास्त गळती सहन करणारे बसवण्याचा सल्ला देणाऱ्या वायरमनला त्या कामावरून दूर ठेवावे. केबल उंदीर-घुशींनी कुरतडली आहे का, चरात पाणी साचते का आणि सांधे हिरवे पडले आहेत का, हे त्याने आधी पाहायला हवे होते. देखभालीच्या करारात मे अखेरची आणि ऑक्टोबरमधली तपासणी लेखी घालून घ्यावी, आणि सुटे भाग किती दिवसांत गावात पोहोचतील, हे त्याच कागदावर नमूद करून घ्यावे.