फुप्फुसं कुठे आहेत, ते आधी बोटांनी शोधा

फिजिओथेरपीच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना मी ‘फुप्फुसावर हात ठेवा’ म्हणते, तेव्हा बहुतेकींचा हात छातीवर समोर, मधोमध पडतो. वहीतल्या आकृतीत तसंच दिसतं ना! पण पेशंट आकृतीसारखा समोर सपाट उभा राहत नाही. म्हणून श्वसनसंस्था पाठ करायच्या आधी ती स्वतःच्या अंगावर शोधा आणि मग मैत्रिणीच्या अंगावर काढा. सामान फारसं लागत नाही. आरसा, तुळशीबागेत मिळते ती साधी आयब्रो पेन्सिल, आणि खोलीचं दार आतून लावून मिळणारा निवांत तासभर.

सुरुवात गळ्यापासून. हनुवटी किंचित वर करा आणि मधल्या रेषेवरून बोट हळूच खाली आणा. वर खाच असलेला जो टणक भाग लागतो, तो कंठमणी, म्हणजे स्वरयंत्राची पुढची भिंत. आवंढा गिळा, तो वर सरकेल. त्याच्या खाली थोडा मऊ खळगा आणि मग एक कडी लागते. तिथे स्वरयंत्र संपतं आणि श्वासनलिका सुरू होते. ही नलिका जेमतेम 10 ते 12 सेंटिमीटरची. तिच्या कूर्चा मागून उघड्या बांगडीसारख्या असतात. मागे अन्ननलिका असते आणि घास उतरताना तिला फुगायला जागा मिळते. इथे दाबू नका, नुसता स्पर्श पुरे. दोन्ही कॉलर बोनच्या मधल्या खळग्यात बोट ठेवून नलिका मध्यभागी आहे ना, तेवढं पाहा.

आता सगळ्यात कामाची खूण. त्या खळग्यातून छातीच्या हाडावरून साधारण 5 सेंटिमीटर खाली या. एक आडवा उंचवटा लागेल. बारीक मुलींना लगेच सापडतो, बाकीच्यांनी घाई करू नये. त्याच्या दोन्ही बाजूंना जोडलेली बरगडी दुसरी. पहिली कॉलर बोनच्या आड असते, ती नीट हाताला लागत नाही, म्हणून मोजणी नेहमी इथूनच. आत साधारण याच पातळीवर श्वासनलिकेला दोन फाटे फुटतात. त्यांतली उजवी श्वसनी, म्हणजे उजव्या फुप्फुसाकडे जाणारा फाटा, जास्त रुंद, आखूड आणि सरळ खाली जाणारी. सारसबागेत खारे दाणे खात पळणाऱ्या लहान मुलाच्या घशातून दाणा चुकून आत गेला, तर तो बहुधा उजवीकडेच जातो. (लहान मुलांना पळताना दाणे देऊच नका, हे मी दिसेल त्या आईला सांगते.)

मग पेन्सिल घ्या. फुप्फुसाचं टोक कॉलर बोनच्या आतल्या भागापासून सुमारे अडीच सेंटिमीटर वर, मानेत जातं. तिथे कमान काढा. शांत श्वासात खालची कड समोर सहाव्या बरगडीवर, कुशीत आठव्या आणि पाठीत मणक्याजवळ दहाव्या बरगडीच्या पातळीवर येते. फुप्फुसावरण त्याच्याही दोन बरगड्या खाली पोचतं. हे तिन्ही बिंदू मोजूनच जोडा. स्तनाग्राच्या खुणेवर विसंबू नका, ती प्रत्येकीची वेगळी असते.

आता मैत्रिणीला हात डोक्यावर ठेवायला सांगा. खवाट्याच्या हाडाची आतली कड तिरपी होते. फुप्फुसाचे खंड, म्हणजे भाग, वेगळे करणारी तिरपी खाच साधारण त्याच रेषेत धावते. उजवीकडे समोर चौथ्या बरगडीच्या पातळीवर एक आडवी रेघ ओढा. झाले उजवीकडचे तीन खंड. डावीकडे दोनच, कारण हृदयाला जागा हवी.

आता पाठ बघा. जवळजवळ सगळा खालचा खंड! उजवा मधला खंड पाठीवर नाहीच, तो समोर आणि थोडा कुशीत. मधल्या खंडात कफ साठलेल्या पेशंटची कुणी नुसती पाठ थोपटत बसलं, की मला राहवत नाही. त्या पेशंटला उताणं झोपवून किंचित डाव्या कुशीकडे वळवायचं आणि समोरून काम करायचं.

श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, हाताला लागत नाही, त्याचं काम मात्र दिसतं. मैत्रिणीच्या मागे उभ्या राहून तिच्या खालच्या बरगड्या दोन्ही हातांत धरा, अंगठे मणक्याजवळ जुळवा. दीर्घ श्वास घेताना अंगठे दोन्हीकडे सारखे सरकायला हवेत. मग दोघी पर्वती चढून या आणि वर पोचल्याबरोबर एकमेकींची मान बघा. कानामागून छातीच्या हाडाकडे उतरणारे स्नायू ताणलेले दिसतील. शांत बसल्यावर त्यांना काम नसतं. खाटेवर नुसत्या बसलेल्या पेशंटचे हे स्नायू असे ताणलेले दिसले, तर लगेच सिस्टरना हाक मारा.

रेघा पुसण्याआधी प्रत्येक खंडावर स्टेथोस्कोप ठेवा. श्वासनलिकेवर श्वास आणि उच्छ्वास दोन्ही खरखरीत, मोठे ऐकू येतात. पाठीत खाली आवाज मऊ, आणि श्वास उच्छ्वासापेक्षा लांब. डावी-उजवी बाजू एकाच पातळीवर आळीपाळीने ऐका. पेन्सिल खोबरेल तेलाने निघते.