खळ, मीठ आणि डायलिसिसचा पडदा

आमचे अण्णा सोलापूरच्या साखर पेठेत चाळीस वर्षं लूमवर चादरी विणत होते. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसला, म्हणजे मशीनमधून रक्त साफ करून घ्यायला जातात. एकदा घरी आल्यावर म्हणाले, "अरे, त्या नळकांड्यातून घाण निघून जाते, मग रक्त कसं जात नाही?" मी कॉलेजच्या लॅबमध्ये परिचर होतो. म्हटलं, "अण्णा, ओट्यावर करूनच दाखवतो." तुम्हालाही घरच्यांना दाखवायचं असेल, तर असं करा.

लॅबचं सामान विकणाऱ्या दुकानातून वीतभर डायलिसिस ट्यूबिंग, म्हणजे बारीक छिद्रांच्या पडद्याची नळी आणा. दहा मिनिटं पाण्यात भिजवून बोटांत चोळली की तोंड उघडतं. एक टोक दोऱ्याने घट्ट बांधा. पाव चमचा कॉर्नफ्लोर वाटीभर पाण्यात उकळून पातळ खळ करा, गार होऊ द्या. सुताला खळ देणाऱ्या अण्णांना ही ओळखीची गोष्ट. त्यातली ५० मिली खळ घ्या, पाव चमचा मीठ विरघळवा, नळीत भरा. वर दोन बोटं जागा मोकळी ठेवा, कारण पाणी आत शिरून नळी फुगते. दुसरं टोक बांधा.

आता नळी बाहेरून वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. पहिल्यांदा मी हे केलं नाही, बाहेर लागलेल्या खळीने निकाल चुकला आणि अण्णांपुढे सगळं पुन्हा करावं लागलं.

पातेल्यात अर्धा लिटर आरओचं पाणी घेऊन टीडीएस मीटरचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) आकडा लिहून ठेवा. आपलं उजनी धरणाचं किंवा बोअरचं पाणी नको, त्यात क्षार आधीच असतात. नळी त्यात सोडा, अधूनमधून ढवळा. तासाभराने आकडा चांगलाच चढलेला दिसतो: मीठ बाहेर आलं. मग बाहेरचं थोडं पाणी वाटीत घेऊन आयोडीनचा थेंब टाका. निळं होत नाही: खळ आतच राहिली. शेवटी आयोडीनचा तसाच थेंब उरलेल्या खळीत टाका, काळंनिळं होतं.

"फणीची घरं," अण्णा लगेच म्हणाले. म्हणजे लूमच्या फणीतल्या बारीक फटी: सूत जातं, जाड गाठ अडते. बरोबर. रक्तातली घाण म्हणजे युरिया, त्याचा रेणू ६० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), तर रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन साधारण ६६,००० चं. रक्तपेशी तर त्याहून कितीतरी मोठ्या. पडद्याची छिद्रं काही नॅनोमीटरची असतात, म्हणजे मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाएवढी.

पण इथे थांबू नका. बाहेरचं पाणी बदलून पुन्हा तासभर ठेवा. आकडा परत चढतो, पण पहिल्याइतका नाही. मला सगळ्यात महत्त्वाची हीच पायरी वाटते, कारण मीठ दाट बाजूकडून पातळ बाजूकडे जातं आणि दोन्हीकडे सारखं झालं की निव्वळ जाणं थांबतं. म्हणून मशीनमध्ये ताजं द्रव सतत वाहतं, मिनिटाला ५०० मिलीच्या आसपास. चार तासांचे १२० लिटर होतात. १९४३ साली विलेम कोल्फ यांनी नेदरलँड्समध्ये आपलं पहिलं डायलिसिस यंत्र केलं, तेव्हा पडदा सॉसेजच्या सेलोफेन वेष्टनाचा होता.

खरं मूत्रपिंड मात्र नुसतं गाळत नाही. त्याच्या पेशींच्या पडद्यात ॲक्वापोरिन नावाचं प्रथिन असतं, केवळ पाण्यालाच वाट देणारं. ते शोधल्याबद्दल पीटर ॲग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. हे प्रथिन स्निग्ध थरात बसवून केलेले जैवअनुकारी, म्हणजे सजीवांची नक्कल करणारे पडदे पाणी शुद्ध करायला वापरात आले आहेत.

अण्णांनी दोन्ही आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवलेत. पुढच्या खेपेला ते सिस्टरना विचारणार आहेत, ताजं द्रव कुठून शिरतं ते.