बेटकुळी भरायची तर तळहात फिरवा

तालमीत नवं आलेलं पोर पहिल्याच दिवशी बाही सारून बेटकुळी दाखवतं. मी त्याला रिकाम्या हातानं कोपर काटकोनात वाकवायला आणि तळहात छताकडे फिरवायला लावतो. बेटकुळी लगेच टणक होते. हा दंडाच्या पुढचा स्नायू म्हणजे बायसेप्स. त्याची दोन शिरं, म्हणजे वरची टोकं, खांद्याजवळून निघतात आणि कोपराखाली, अंगठ्याच्या बाजूच्या हाडाला जुळतात. म्हणून हा स्नायू कोपर वाकवतो, तसाच तळहातही फिरवतो.

तेव्हा डंबेल उचलताना तळहात वर वळवत न्या. कोपर बरगडीशी, कंबर स्थिर. खाली आणताना मनात तीन आकडे मोजा. घाईत सोडलेलं वजन मला अजिबात खपत नाही. ८ ते १२ वेळा, असे ३ सेट, आठवड्यातून २ दिवस. झोका द्यावा लागला तर वजन कमी करा.

त्या दोन शिरांपैकी लांब शिराला ताण हवा तर तिरप्या बाकावर टेकून हात मागे लोंबू द्या. बायसेप्सखाली ब्रेकिअॅलिस नावाचा स्नायू असतो, त्याच्यासाठी हॅमर कर्ल, म्हणजे तळहात आतल्या बाजूला ठेवून डंबेल उचलणं.

आणि जोर मारणं सोडू नका रे! त्यानं दंडाच्या मागचा ट्रायसेप्स घडतो, आणि दंडाचा मोठा भाग तोच असतो.