डॉक्टरांना दुखणं कसं सांगावं?

आमच्या आत्याने खुर्चीत बसता बसताच सांगून टाकलं, "ॲसिडिटी झालीय." गोळ्या मिळाल्या, केसपेपर घडी होऊन पिशवीत गेला. पंधरा दिवसांनी दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "ॲसिडिटी राहू द्या. होतं काय?" तेव्हा ती म्हणाली, "भाजीची पिशवी घेऊन दुसरा मजला चढले की छाती भरून येते. कठड्याला टेकले, की दोन मिनिटांत बरं वाटतं." त्यांनी लगेच ईसीजी काढायला लावला. चढताना येणारं आणि थांबल्यावर जाणारं दुखणं हृदयाचं असू शकतं, हे तिला कुठून माहीत असणार!

तेव्हा रोगाचं नाव घेऊन जाऊ नका, हकीकत घेऊन जा. ब्रिटनमध्ये १९७५ साली ८० नव्या रुग्णांचा अभ्यास झाला. त्यातल्या ६६ जणांच्या बाबतीत आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचून आणि हकीकत ऐकून केलेलं निदानच शेवटी खरं ठरलं.

आदल्या रात्री चार-पाच ओळी लिहून काढा. सुरुवात तब्येत शेवटची ठणठणीत होती तिथून करा. तारीख आठवत नसेल तर सण धरा: "गणपतीत सगळ्या आरत्यांना उभी होते, दिवाळीत चकल्या तळायलाही उभं राहवेना." या एका वाक्यात काळही आला आणि काय अडलं तेही. पुढे कशाने वाढतं, कशाने थांबतं, एवढं पुरे.

"दुखतं" म्हणून थांबू नका. आपल्याकडे शब्दांना तोटा नाही. गळू ठणकतं, पोटात मुरडा येतो, कमरेतून पायात चमक जाते, तळव्यांची आग होते, बोटांना मुंग्या येतात. चमक आणि मुंग्या म्हटलं की डॉक्टर नसेचा विचार करू लागतात, मुरडा म्हटलं की आतड्याचा. हे शब्द इंग्रजीत सांगायच्या भानगडीत पडू नका. बोटाने जागा दाखवा.

वेळ किती मिळेल? १९८४ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात डॉक्टरांनी रुग्णाला सरासरी १८ सेकंदांत मध्येच तोडलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये मुद्दाम न अडवता ऐकलं, तर रुग्ण सरासरी ९२ सेकंदांत आपणहून थांबले. म्हणजे दीड मिनिटाची तयारी ठेवा. मध्येच तोडलं तर त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्या आणि म्हणा, "डॉक्टर, एक गोष्ट राहिली."

ती राहिलेली गोष्ट बहुधा अवघडच असते. परस्पर बंद केलेली बीपीची गोळी, कुणीतरी दिलेला काढा, मिश्री, तंबाखू. रागावतील म्हणून लपवू नका. रागावले तर रागावले. मनातली भीतीही बोला: "वडील याच वयात गेले." घरातला इतिहास म्हणून त्यांना तो हवाच असतो.

सोबत गेलेल्यांनी (मी हे स्वतःलाच बजावतो) पेशंटच्या वतीने बोलू नये. आत्याची ॲसिडिटी पहिल्यांदा मीच ठरवली होती.

उठण्याआधी ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगा: "म्हणजे ही उपाशीपोटी, ती रात्री झोपताना, आणि छातीतलं दुखणं थांबलंच नाही किंवा दरदरून घाम आला, तर वाट न बघता १०८ला फोन. बरोबर?"